काळोखातली थंड प्रवाळं आणि समुद्राचा घसरता सामू : वाढ खरंच थांबते का?

फ्योर्डकाठी
नमस्कार मंडळी. मी नॉर्वेत ट्रॉनहाइमला राहते. इथल्या फ्योर्डमध्ये (जमिनीत खोल शिरलेल्या अरुंद समुद्रखाडीत) टाउत्रा नावाचा पाण्याखालचा उंचवटा आहे आणि त्यावर अवघ्या ३९ मीटर खोलीपासून थंड पाण्यातलं प्रवाळ वाढतं. लोफेलिया पर्टुसा हे त्याचं जुनं नाव. वर्गीकरण बदलल्यावर ते डेस्मोफायलम पर्टुसम झालं, पण बोलताना अजून सर्रास लोफेलियाच म्हणतात, मीही तेच म्हणेन. इतरत्र हे प्रवाळ साधारण २०० ते १००० मीटर खोलीवर, ४ ते १२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात, पूर्ण काळोखात राहतं.

लक्षद्वीपच्या प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शैवाल असतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि प्रवाळाला पोसतं. लोफेलियाकडे ही सोय नाही. प्रवाहाबरोबर येणारे प्लवक आणि वरून खाली झिरपणारे सेंद्रिय कण पकडायचे, त्यावर जगायचं, आणि त्याच कमाईतून कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा बांधायचा. फांदीची लांबी वर्षाला अर्धा ते अडीच सेंटिमीटर वाढते.

आता माझा प्रश्न. कील इथल्या गेओमार संस्थेतल्या फॉर्म आणि रीबेझेल यांनी २०१२ साली या प्रवाळावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढवून सामू (pH) ०.१ ने उतरवला तर आठवडाभरात सांगाड्याची वाढ २६ ते २९ टक्क्यांनी घटली. तसंच पाणी सहा महिने ठेवलं तेव्हा मात्र घट दिसली नाही, उलट वाढ किंचित जास्त भरली. यातलं काय खरं धरायचं? समुद्राचं रसायन या प्रवाळांची वाढ कितपत ठरवतं? जाणकारांनी लिहावं. मला हा विषय फार जवळचा वाटतो.

साबुदाणा_खिचडी
प्रवाळ म्हटलं की डोळ्यांपुढे अंदमानचं निळं, कोमट पाणी येतं. ४ अंशात प्रवाळ? वाचतोय.

मुंज्या
+१. नॉर्वेत प्रवाळ आहेत हे आजच कळलं. हे हल्लीच सापडले का?

फ्योर्डकाठी
@मुंज्या, अजिबात नाही. लिनियसने १७५८ मध्ये या प्रवाळाचं वर्णन केलं होतं. ट्रॉनहाइमचे बिशप गुन्नेरुस यांनी १७६८ साली नॉर्वेच्या प्रवाळांवर लिहिलं. मासेमारांच्या गळाला आणि जाळ्याला तुकडे लागायचे, त्यामुळे 'खाली काहीतरी आहे' हे किनाऱ्यावर ठाऊकच होतं. ते किती पसरलं आहे हे मात्र ध्वनिलहरींनी तळाचे नकाशे बनायला लागल्यावर कळलं. लोफोतेन बेटांजवळचा रोस्ट रीफ (रीफ म्हणजे प्रवाळांनी बांधलेला उंचवटा) २००२ मध्ये नकाशावर आला: ३०० ते ४०० मीटर खोल, जवळजवळ ४० किलोमीटर लांब आणि ३ किलोमीटरपर्यंत रुंद. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यापासून दूर, ब्लेक पठारावरचा विस्तार तर त्याहून कितीतरी मोठा. २०२४ मध्ये त्याचा नकाशा प्रसिद्ध झाला, सुमारे २६,००० चौरस किलोमीटरचा.

मोलॅरिटी
छान धागा. रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून पाया घालून देतो.

प्रवाळाला सांगाड्यासाठी दोन गोष्टी लागतात, कॅल्शियम आणि कार्बोनेट. कॅल्शियम समुद्रात मुबलक आहे, लिटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि ते फारसं बदलत नाही. टंचाई असते कार्बोनेटची. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल होतं, त्यातला हायड्रोजन आयन सुटतो आणि तो कार्बोनेटला पकडून त्याचं बायकार्बोनेट करून टाकतो. पाण्यातला एकूण कार्बन वाढतो आणि सांगाड्याच्या कामाचं कार्बोनेट कमी होतं. हा विरोधाभास नीट समजला की पुढचं सगळं सोपं आहे.

कॅल्शियम आणि कार्बोनेट यांच्या सांद्रतांचा गुणाकार भागिले विद्राव्यता गुणाकार, याला संपृक्तता म्हणतात आणि ओमेगाने दाखवतात. ओमेगा १ च्या वर असेल तर उघडा पडलेला सांगाडा टिकतो, १ च्या खाली गेला की विरघळू लागतो. उष्ण कटिबंधात पृष्ठभागावर ॲरागोनाइटचा (कॅल्शियम कार्बोनेटचा एक स्फटिक प्रकार, या प्रवाळांचा सांगाडा त्याचाच) ओमेगा ३ ते ४ असतो. लोफेलियाच्या वस्तीत तो बहुधा २ च्या आसपास किंवा त्याहून कमी.

थंड पाण्यात कमी का? एकतर कॅल्शियम कार्बोनेट गार पाण्यात जास्त विरघळतं. साखर-मिठाच्या उलटा स्वभाव. म्हणूनच गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो आणि गार पाण्याच्या नळीत तेवढा बसत नाही. दुसरं, खोली वाढली की दाब वाढतो आणि दाबाने विद्राव्यता आणखी वाढते. तिसरं, वरून पडणारा सेंद्रिय माल जिवाणू कुजवतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड तिथेच पाण्यात मिसळतो. तिन्ही गोष्टी एकाच दिशेने ओढतात. म्हणून खाली जाता जाता एक खोली अशी येते जिथे ओमेगा बरोबर १ होतो. तिला संपृक्तता क्षितिज म्हणतात.

मुंज्या
हे क्षितिज सगळीकडे सारख्याच खोलीवर असतं का?

मोलॅरिटी
नाही, आणि फरक प्रचंड आहे. उत्तर अटलांटिकमध्ये ते २००० मीटरच्याही खाली आहे. उत्तर पॅसिफिकमध्ये काही ठिकाणी ते शे-दोनशे मीटरवर येतं. अटलांटिकचं खोल पाणी उत्तरेत नुकतंच बुडालेलं, ताजं. पॅसिफिकच्या तळाचं पाणी शेकडो वर्षं पृष्ठभागाला न लागता फिरत आलेलं, त्यामुळे कुजण्यातून साठलेला कार्बन डायऑक्साइड त्यात जास्त. लोफेलियाचे मोठमोठे रीफ अटलांटिकमध्ये आणि अलास्काच्या अल्युशियन बेटांभोवती मात्र मुख्यतः गॉर्गोनियनसारख्या दुसऱ्या गटातली प्रवाळं, याच्याशी या फरकाचा संबंध लावला जातो.

रोखठोक
एक मूलभूत शंका. समुद्राचा सामू ८.१ च्या आसपास आहे. ७ च्या वर म्हणजे अल्कधर्मी. मग 'समुद्र आम्लधर्मी होतोय' हा घबराट पसरवणारा शब्दप्रयोग नाही का? आणि ८.२ वरून ८.१ हा काय बदल झाला? एका फ्योर्डमध्ये दिवसभरात याहून जास्त चढउतार होत असेल.

मोलॅरिटी
@रोखठोक, सामूची मोजपट्टी लॉगॅरिथमिक आहे. ०.१ ची घसरण म्हणजे हायड्रोजन आयनांत सुमारे २६ टक्के वाढ. आणि प्रवाळाला ७ या आकड्याशी काही देणंघेणं नाही. सामू ७ च्या पुष्कळ वर असतानाच ओमेगा १ च्या खाली जाऊ शकतो, खोल समुद्रात जातोच. दिशा कुठली आहे ते पाहा, नाव काहीही द्या.

रोजच्या चढउताराचा मुद्दा उथळ किनाऱ्याला लागू आहे. तिथे दिवसा वनस्पती कार्बन डायऑक्साइड खेचतात, रात्री सोडतात. ५०० मीटर खोल काळोखात प्रकाशसंश्लेषणच नाही, त्यामुळे पाणी तुलनेने एकसारखं. तिथल्या जिवाला छोटा पण कायमचा बदल जास्त जाणवणार.

देवगडकर
माका एक सांगा, असला प्रवाळ आमच्या दर्यात गावता काय? विजयदुर्गापासून बाहेर आंग्रे बँक हा, थय प्रवाळ हा म्हणतत.

निळाई
@देवगडकर, आंग्रे बँक आहे खरी, कान्होजी आंग्र्यांचंच नाव तिला. विजयदुर्गच्या पश्चिमेला साधारण १०० किलोमीटरवरचा तो बुडालेला उंचवटा. पण त्याचा माथा २० मीटरच्या आसपास आहे, पाणी उबदार आणि उजेड पोचतो. तिथली प्रवाळं शैवालवाली, लक्षद्वीपच्या नात्यातली. लोफेलियासारखी काळोखात राहणारी नाहीत.

अरबी समुद्रात थोडं खोल गेलं की वेगळीच अडचण येते. साधारण १५०-२०० मीटरपासून १००० मीटरच्या पुढेपर्यंत पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच. गोव्यातल्या दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या पट्ट्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. ज्या कुजण्यात प्राणवायू खर्च होतो त्यातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यामुळे कमी प्राणवायूचं पाणी हे कमी सामूचंही असतं. नेमक्या ज्या खोलीवर अटलांटिकमध्ये लोफेलिया फुलतं, त्या खोलीवर आपल्याकडे दुहेरी मार आहे.

मी सागरी जीवशास्त्रात संशोधन करते, प्रवाळाच्या सांगाड्यांवरच. मूळ प्रश्नावर सविस्तर लिहिते, थोडा वेळ द्या.

शुभमंगल
अवांतर आहे, पण विचारतेच. मुलाच्या अंगठीसाठी पोवळं सांगितलं आहे. ते याच प्रवाळाचं असतं का? थंड पाण्यातलं?

सराफकट्टा
नाही ताई. दागिन्यातलं लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं, कोरॅलियम रुब्रम. घडाईचं मोठं केंद्र इटलीत नेपल्सजवळच्या तोर्रे देल ग्रेको गावी. हा व्यापार फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत बारिगाझा म्हणजे भरूच बंदरात उतरणाऱ्या मालात प्रवाळ आहे. रोमन लेखक प्लिनीनेही लिहून ठेवलंय की रोमन लोकांना जसं भारतीय मोत्यांचं, तसं भारतीयांना प्रवाळाचं मोल. घेताना एक बघा, रंगवलेली बांबू प्रवाळं लाल पोवळं म्हणून खपवली जातात. खात्रीच्या ठिकाणाहून प्रमाणपत्र घेऊनच घ्या.

मोलॅरिटी
@सराफकट्टा, मस्त माहिती. हे अवांतर धाग्याच्या विषयापासून फार लांब नाही. लोफेलियाचा सांगाडा ॲरागोनाइटचा, लाल पोवळ्याचा मॅग्नेशियमयुक्त कॅल्साइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्याच दुसऱ्या स्फटिक प्रकाराचा. साधं कॅल्साइट ॲरागोनाइटपेक्षा टिकाऊ असतं, पण मॅग्नेशियमचं प्रमाण वाढलं की ते ॲरागोनाइटइतकंच, कधी त्याहूनही लवकर विरघळतं. म्हणजे पोवळंही या फेऱ्यातून सुटलेलं नाही. त्यात त्याची जाडी वर्षाला अर्धा मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. अंगठीतल्या खड्याएवढी जाडी यायला कित्येक वर्षं जातात.

शुभमंगल
अरे बापरे. धन्यवाद दोघांनाही. आता त्या खड्याकडे वेगळ्याच नजरेने बघेन.

कालयंत्र
भूविज्ञानवाला आहे, दोन पैसे टाकतो.

आयर्लंडच्या नैर्ऋत्येला पॉर्क्युपाइन सीबाइट नावाचं खोरं आहे. तिथल्या चॅलेंजर माउंडमध्ये २००५ साली आंतरराष्ट्रीय सागरी उत्खनन मोहिमेने आरपार भोकं पाडली. १५५ मीटर उंचीची टेकडी, आणि वरपासून तळापर्यंत प्रवाळांचे तुकडे आणि मधल्या फटींत अडकलेला गाळ. पायाचं वय सुमारे २६ लाख वर्षं. हिमयुगांत तिथलं प्रवाळ नाहीसं व्हायचं, उबदार काळात परत यायचं, आणि जुन्याच सांगाड्यांवर वाढू लागायचं. थंड पाण्याचा रीफ म्हणजे मुख्यतः मेलेल्या प्रवाळांचा साठा, वरती जिवंत पापुद्रा. हे डोक्यात ठेवूनच 'वाढ' हा शब्द वापरावा.

दुसरं, हे प्रवाळ बाहेरचं पाणी जसंच्या तसं वापरत नाही. पॉलिपची (प्रवाळातल्या एकेका छोट्या जिवाची) कातडी आणि सांगाडा यांच्या मधल्या अगदी बारीक जागेत एक द्रव असतो, सांगाडा त्यातून घडतो. सांगाड्यातल्या बोरॉनच्या समस्थानिकांवरून त्या द्रवाचा सामू काढता येतो. मॅककलॉक आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की थंड पाण्यातली प्रवाळं तो सामू बाहेरच्या पाण्यापेक्षा ०.६ ते ०.८ ने वर चढवतात. उष्ण पाण्यातल्या भाईबंदांपेक्षाही जास्त. पेशीतला पंप एक कॅल्शियम आत घेतो आणि दोन हायड्रोजन आयन बाहेर टाकतो. म्हणूनच इतक्या कमी ओमेगाच्या पाण्यात ती सांगाडा बांधू शकतात. हा पंप फुकट चालत नाही, त्याला अन्नातून मिळालेली ऊर्जा लागते.

रोखठोक
म्हणजे माझाच मुद्दा सिद्ध झाला. प्रवाळाकडे पंप आहे. चिलीच्या पॅटागोनियातल्या कोमाऊ फ्योर्डमध्ये डेस्मोफायलम डायँथस हे प्रवाळ ७.४ पर्यंत उतरलेल्या सामूतही दाटीवाटीने राहतं. वायव्य हवाई बेटं आणि समुद्राखालच्या एम्परर पर्वतरांगेवर २०१७ मध्ये असंपृक्त (ओमेगा १ च्या खालच्या) पाण्यात चक्क रीफ सापडले, ५३५ ते ७३२ मीटरवर. नॉर्थ सीतल्या तेलाच्या फलाटांच्या पायांवरही लोफेलिया वाढलं आहे, वर्षाला अडीच सेंटिमीटरच्या वेगाने. जीव वाट काढतो. मग चिंता कसली?

फ्योर्डकाठी
@रोखठोक, उदाहरणं खरी आहेत, म्हणूनच तर मला प्रश्न पडला. पण तेलाच्या फलाटांचं इथे जुळत नाही. तिथलं पाणी संपृक्त आहे. उपयोग वेगळा आहे: फलाट कधी उभा राहिला ते माहीत असतं, त्यामुळे प्रवाळाचं जास्तीत जास्त वय ठरतं आणि वाढीचा वेग काढता येतो.

भुकेलेला_वाचक
मध्येच विचारतो. पंपाला ऊर्जा लागते तर ऊर्जा कुठून वाढवणार? वरून येणारं अन्न तर ठरलेलं.

निळाई
@भुकेलेला_वाचक, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. आता सविस्तर.

पहिला भाग, अन्न. स्कॉटलंडच्या पश्चिमेचा मिंग्युले रीफ घ्या. तिथे भरती-ओहोटीबरोबर पृष्ठभागाचं अन्नसमृद्ध पाणी खाली ओढलं जातं आणि थेट प्रवाळांपर्यंत पोचतं. अशा जागी पंप चालवणं परवडतं. प्रयोगशाळेतल्या प्रवाळांना आपण नियमित खाऊ घालतो, त्यामुळे सहा महिन्यांचा चांगला निकाल वाचताना 'पोट भरलेलं असताना' हे शब्द मनात जोडून वाचावेत. कोमाऊ फ्योर्डसुद्धा प्लवकांनी गच्च भरलेला आहे. समुद्राचा वरचा थर तापून पाण्याचं मिसळणं मंदावलं तर खाली पोचणारं अन्न घटेल, आणि तेव्हा हीच प्रवाळं तोच सामू सोसतील की नाही, हा प्रश्न मला सामूइतकाच मोठा वाटतो.

दुसरा भाग, मोजमाप. सांगाड्याचं वजन वाढलं म्हणजे सगळं ठीक, हे मला पटत नाही. हेनिज आणि सहकाऱ्यांनी मिंग्युलेचं लोफेलिया वर्षभर जास्त कार्बन डायऑक्साइडच्या पाण्यात ठेवलं. २०१५ मध्ये निकाल आले. वाढ चालू होती. पण नव्या सांगाड्यातल्या स्फटिकांची मांडणी विस्कटलेली होती आणि नवी वाढ लांबट, सडपातळ झाली होती. आणि ज्या भागावर जिवंत ऊती नव्हती, तो उघडा सांगाडा २० ते ३० टक्क्यांनी कमकुवत झाला होता.

कालयंत्र यांनी लिहिलेलं इथे जोडा. रीफवर जिवंत भाग वरवरचा, खालचा सगळा डोलारा मेलेल्या सांगाड्यांचा. पंप जिवंत पॉलिपकडे आहे. मेलेल्या फांदीकडे नाही, तिच्यावर कातडीचं आवरणही नाही. ओमेगा १ च्या खाली गेला की ती रासायनिकदृष्ट्या उघडी पडते. शिवाय पोखरणारे स्पंज आणि बुरशी आधीपासून तिच्यात असतातच. सांगाडा सच्छिद्र होत जातो, आणि एक दिवस वरच्या जिवंत वसाहतीच्या वजनाने मोडतो. हेनिज यांच्या गटाने २०२० मध्ये या अवस्थेला माणसाच्या ऑस्टिओपोरोसिसवरून 'कोरॅलपोरोसिस' म्हटलं.

म्हणून @रोखठोक, तुमची उदाहरणं मला मान्य आहेत, निष्कर्ष मान्य नाही. असंपृक्त पाण्यात प्रवाळ जगतं. कोमाऊमधलं डायँथस तर एकेकटं, खडकाच्या भिंतीला चिकटून वाढतं. त्याला खाली चाळीस किलोमीटरचा रीफ उभा ठेवायचा नसतो.

साबुदाणा_खिचडी
निळाई, प्रतिसाद दोनदा वाचला. जिवंत वाढतंय आणि खालून मोडतंय, हे एकाच वेळी होऊ शकतं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

रोखठोक
निळाई, मुद्दा वजनदार आहे. पण हवाई-एम्परर इथल्या रीफचं काय? ते एकेकटं प्रवाळ नाही, रीफच आहेत, आणि असंपृक्त पाण्यातच आहेत. सांगाडा विरघळायचाच असता तर ते बनलेच नसते.

निळाई
हे उदाहरण तुमच्या बाजूचं सगळ्यात मजबूत आहे, ते टाळून चालणार नाही. रीफ टिकणं हा जमाखर्च आहे. नवा सांगाडा किती बनतो आणि जुना किती विरघळतो, पोखरला जातो, यांतला फरक. बनण्याचा वेग पुरेसा असेल तर ओमेगा १ च्या थोडा खाली असूनही ढीग शिल्लक राहू शकतो. क्षितिज ओलांडलं की लगेच सगळं नाहीसं होतं असं कोणीच समजू नये. पण असे रीफ जगात मोजके. २००६ मध्ये गिनोट आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या नोंदी पाहिल्या तेव्हा खोल पाण्यातल्या दगडी प्रवाळांच्या ९५ टक्क्यांहून जास्त जागा संपृक्त पाण्यात होत्या. आणि त्यांच्या अंदाजानुसार २०९९ पर्यंत सुमारे ७० टक्के जागा असंपृक्त पाण्यात सापडतील.

मोलॅरिटी
यात भर. खोल पाण्यापर्यंत हवेतला कार्बन पोचायला हजारो वर्षं लागतील अशी समजूत उत्तर अटलांटिकला लागू नाही. ग्रीनलंडच्या आसपास पृष्ठभागाचं पाणी थंड होऊन बुडतं आणि नवा कार्बन घेऊन थेट खाली जातं. २०१८ मध्ये पेरेझ आणि सहकाऱ्यांनी नेचरमध्ये हिशेब मांडला की हवेतला कार्बन डायऑक्साइड औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या २८० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २८० भाग) दुप्पट झाला, तर उपध्रुवीय उत्तर अटलांटिकमध्ये ॲरागोनाइटचं क्षितिज १००० ते १७०० मीटर वर सरकेल. आज आपण ४२० च्या पुढे आहोत. अटलांटिकचं ताजं पाणी ही आजवर या प्रवाळांची जमेची बाजू होती, आणि तेच पाणी आता बदल सगळ्यात लवकर खाली नेतंय.

देवगडकर
सगळां वाचलंय. माझा थोडा वेगळा म्हणणा हा, आता प्रमाण मराठीत लिहितो. रसायन हळूहळू मारेल, पण तळ खरवडणारी ट्रॉलरची जाळी एका फेरीत मारतात. आमच्याकडे ट्रॉलर आणि पर्ससीनवरून किती भांडणं होतात ते बघतोच आहे. नॉर्वेत काय परिस्थिती? आधी ते थांबवा, मग सामूची चर्चा करू.

फ्योर्डकाठी
@देवगडकर, तुमचं म्हणणं इथे खूप आधी पटलेलं आहे. नॉर्वेतले ३० ते ५० टक्के रीफ ट्रॉलिंगने मोडले किंवा बाधित झाले असा २००२ चा अंदाज आहे. विशेष म्हणजे ओरड किनाऱ्यावरच्या छोट्या मासेमारांनीही केली. रीफभोवती ब्रोस्मे आणि लाल उएर हे मासे जास्त सापडतात हे त्यांना ठाऊक होतं. १९९९ मध्ये सुला रीफवर तळ खरवडायला बंदी आली, २००३ मध्ये रोस्टवर.

पण 'आधी हे, मग ते' असं मला वाटत नाही. जाळ्याने मोडलेला रीफ म्हणजे मेलेल्या तुकड्यांचा सडा. निळाईच्या प्रतिसादानंतर मी त्याकडे असं बघते की नेमका तोच उघडा सांगाडा आधी विरघळणार. दोन्ही संकटं एकमेकांना मदत करतात.

देवगडकर
ह्या मात्र पटला.

मत्स्यप्रेमी
हा ब्रोस्मे चवीला कसा? आपल्या घोळसारखा का? मासे निघाले आणि चव विचारली नाही तर धाग्याचा अपमान होईल.

फ्योर्डकाठी
पांढरा, घट्ट मांसाचा, कॉडच्या कुळातला. आमटीत छान लागतो, कोकम घालून करते. आता परत प्रवाळांकडे!

मुंज्या
सगळीच खोल प्रवाळं चुनखडीची असतात का? कुठेतरी हजारो वर्षं जगणाऱ्या काळ्या प्रवाळाबद्दल वाचलं होतं.

कालयंत्र
नसतात. काळ्या प्रवाळाचा कणा प्रथिनं आणि कायटिनचा. हवाईजवळच्या लेओपॅथेसच्या एका वसाहतीचं वय रेडिओकार्बनने ४,२६५ वर्षं निघालं, २००९ चा अभ्यास. ओमेगा घसरण्याचा थेट धोका त्यांच्या कण्याला नाही. पण ती रीफ बांधत नाहीत, झुडपासारखी एकेकटी उभी असतात. रीफच्या फटींत राहणाऱ्या शेकडो प्रजातींना लोफेलियाची जागा ती देऊ शकत नाहीत.

भुकेलेला_वाचक
उष्ण पाण्यातली प्रवाळं माणसं लावतात, रोपं लावावीत तशी. लोफेलिया लावता येतं का?

निळाई
स्वीडनच्या कोस्टर फ्योर्डमध्ये गोथेनबर्ग विद्यापीठाचे लोक ते करताहेत. तिथे सेकेन नावाचा स्वीडनमधला एकमेव जिवंत लोफेलिया रीफ उरला आहे. तळावर कृत्रिम सांगाडे ठेवून त्यांवर प्रवाळाचे जिवंत तुकडे बसवायचे आणि वाहत येणाऱ्या अळ्यांना टेकायला जागा द्यायची, अशी कल्पना. लोफेलियाच्या अळ्या कित्येक आठवडे पाण्यात तरंगत राहू शकतात, त्यामुळे दूरच्या नॉर्वेच्या रीफवरून येऊन रुजण्याची आशा आहे. काम मनापासून चाललंय आणि मला त्याचं कौतुक आहे.

रोखठोक
माणसाने बनवलेला सांगाडा कार्बोनेटचा नसेल तर विरघळण्याचा प्रश्नच मिटला की.

निळाई
एका छोट्या, जखमी रीफपुरता मिटतो. रोस्टवर कृत्रिम सांगाडे किती ठेवणार? ४० किलोमीटर लांबी आणि ३०० मीटर खोल पाणी.

फ्योर्डकाठी
मूळ प्रश्नाकडे येते. आठवड्याचा आणि सहा महिन्यांचा, दोन्ही निकाल मला आता खरे वाटतात. पहिला अचानक बसलेल्या धक्क्याचा, दुसरा सवय झालेल्या आणि पोट भरलेल्या प्रवाळाचा. दोन्ही मोजतात ते जिवंत पॉलिपचं काम. निळाई, नॉर्वेच्या रीफवर पाळत ठेवायची तर तुम्ही काय मोजाल?

निळाई
तीन गोष्टी, एकाच जागी आणि सतत. तळालगतच्या पाण्यातला ओमेगा, त्यासाठी सामूबरोबर अल्कलिनिटीही (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) मोजावी लागते, एकट्या सामूवरून ओमेगा निघत नाही. तिथे पोचणारं अन्न. आणि मेलेल्या सांगाड्याची घनता: तुकडे वर आणून सीटी स्कॅन करायचे आणि दर काही वर्षांनी तुलना करायची. पहिल्या दोन्हींच्या नोंदी थोड्याफार ठिकाणी होतात. मेलेल्या फांद्यांकडे लक्ष सगळ्यात कमी, कारण पाणबुडीच्या कॅमेऱ्यात पांढरे-केशरी जिवंत पॉलिप देखणे दिसतात आणि सगळे फोटो त्यांचेच काढतात.

रोखठोक
अल्कलिनिटीचं नवीन कळलं. भूमध्य समुद्रात ती जास्त आहे ना? म्हणून तिथे १३ अंशाच्या पाण्यातही ही प्रवाळं तग धरून आहेत का?

मोलॅरिटी
जास्त आहे, त्यामुळे तिथला ओमेगाही अटलांटिकपेक्षा चांगला. इटलीच्या सांता मारिया दि लेउकाजवळ लोफेलिया आणि मॅड्रेपोरा हे थंड पाण्यातलं दुसरं प्रवाळ, दोन्ही आहेत. भूमध्यातल्या या प्रवाळांवर कार्बन डायऑक्साइड १००० पीपीएमपर्यंत वाढवून प्रयोग झाले, वाढ घटली नाही. पण १३-१४ अंश ही लोफेलियाची वरची मर्यादा आहे. तिथे रसायनाआधी उष्णता आडवी येईल असं माझं मत. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.